सुभेदार ते पाणीदार

सहामाहीचे पेपर तपासणे हा आम्हा शिक्षकांचा दिवाळीतला पहिला फराळ. स्वयंपाकघरातून भाजणीचा वास येत असतो, मुले किल्ल्याची माती कालवत असतात, आणि आपण खिडकीशी तांबड्या शाईचे पेन उघडून बसलेले असतो. गेल्या दिवाळीत माझ्यापुढे आठवीचे निबंध होते. विषय नेहमीचाच : 'माझे आजोबा'. चाळीस-पंचेचाळीस आजोबा ओळीने वाचून काढले, की सगळ्यांच्या हातात एकच काठी दिसू लागते. सगळे आजोबा पहाटे उठतात, सगळे प्रेमळ असतात, आणि सगळे रात्री गोष्टी सांगतात.

एका निबंधातले आजोबा मात्र निराळे होते. ते लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले होते आणि गोष्टी सांगत नव्हते. मुलाने लिहिले होते, 'आजोबा फार बोलत नाहीत. त्यांचे डोळे पाणीदार आहेत. मी खोटे बोललो की त्यांच्या डोळ्यांकडे बघत नाही.'

वाचकहो, साऱ्या गठ्ठ्यात हीच तीन वाक्ये कोणाची उसनी नव्हती. आणि त्यांतल्या मधल्या वाक्यावर मी तांबडी रेघ ओढली! 'पाणीदार' खोडले आणि वर 'तेजस्वी' लिहिले. अर्धा गुणही कापला. त्याचे कारण असे, की त्या वर्षी आमच्या शाळेत शुद्ध मराठीचा उपक्रम चालू होता. दाराशी एक फळा टांगून त्यावर रोज एक परका शब्द आणि त्याचा मराठी प्रतिशब्द लिहायचा. उपक्रमाचा प्रमुख मीच होतो. माणसाच्या हाती एखादा उपक्रम आला, की त्याला जिथे तिथे त्याचीच शिकार दिसू लागते.

सुट्टी संपून पेपर वाटले, तेव्हा तो मुलगा टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"सर, हा शब्द चुकला का?"

"चुकला असं नाही. पण 'दार' हा फारसी प्रत्यय आहे. आपला नाही तो."

"मग 'सुभेदार'ला कसा चालला? तिथं रेघ नाही."

"तो हुद्दा आहे रे."

तो जरा थांबला. मग हळूच म्हणाला, "तेजस्वी डोळे देवाच्या तसबिरीत असतात, सर. आजोबांचे पाणीदारच आहेत."

मी म्हटले, "बस जागेवर." शिक्षकाला उत्तर सुचले नाही म्हणजे तो जे म्हणतो, तेच.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लोक मला भाषेतला जाणकार समजतात, आणि मीही त्यांची समजूत फारशी दूर करीत नाही. पण त्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी येताना पायांना जडपणा आला होता. माझी रोजची वाट सुभेदार वाड्यावरून जाते. कल्याणच्या माणसाला 'सुभेदार' हा शब्द काही नवा नाही. परगावी गेलो आणि गाव सांगितले, की पुढचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे त्या सुभेदाराच्या सुनेचं कल्याण?" ती कथा खरी की मागाहून रचलेली, यावर इतिहास जाणणाऱ्यांचे एकमत नाही, पण त्या कथेने आमच्या गावाला सुभेदार कायमचा चिकटवून दिला, हे मात्र खरे. १६५७ साली, दिवाळीच्याच सुमारास, शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. पुढे शंभर वर्षांनी पेशवाईत येथे रामजी महादेव बिवलकर हे सुभेदार होते. तुळाजी आंग्र्यांवरच्या मोहिमेतही त्यांचे नाव येते. हा वाडा त्यांच्याच नावाशी जोडलेला. त्या संध्याकाळी वाड्याकडे बघताना मनात आले, की शंभर वर्षांत इथली सत्ता बदलली, निशाण बदलले, पण सुभेदार हा सुभेदारच राहिला. हे कसे?

म्हणून मग शब्दाच्या मागे लागलो.

'दार' म्हणजे धरणारा, बाळगणारा, राखणारा. फारसीत 'दाश्तन' म्हणजे जवळ असणे, बाळगणे. त्याचे वर्तमानकाळातले अंग 'दार'. ते नामाला जोडले, की ती वस्तू ज्याच्या ताब्यात तो माणूस तयार झाला. आपल्या दाराशी, म्हणजे दरवाजाशी, याचा काडीचा संबंध नाही. आमच्या वर्गातल्या एका पठ्ठ्याने 'जमीनदार म्हणजे जमिनीचे दार' असा विग्रह केला होता, म्हणून मुद्दाम सांगतो. अकबराने १५८० मध्ये आपल्या राज्याचे बारा सुभे पाडले. सुभा सांभाळणारा तो सुभेदार. हवाला ज्याच्याकडे तो हवालदार, फौज ज्याच्याकडे तो फौजदार, किल्ला ज्याच्याकडे तो किल्लेदार. जमाखर्चाच्या एकत्र केलेल्या कागदांना 'मज्मुआ' म्हणत. ते ज्याच्या हाती तो मजमूदार, आपला मुजुमदार. इनामदार, वतनदार, जहागीरदार, अंमलदार, तहसीलदार ही सारी त्याच पंगतीतली मंडळी. बहामनी काळापासून दख्खनच्या राज्यांत फारसीला दरबारी मान होता आणि मराठी माणूस त्या चाकरीत होता. ज्याच्या हाती काही आहे त्याच्या नावाला 'दार', आणि ज्याच्या हाती काही नाही त्याने दारात उभे राहायचे, असा तो काळ.

महाराजांना हे खुपले. राज्य आपले, तर राज्याची बोलीही आपली हवी. १६७४ च्या राज्याभिषेकाबरोबर प्रधानांची नावे बदलली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, सरनोबताचा सेनापती, डबिराचा सुमंत, सुरनिसाचा सचिव, आणि मुजुमदाराचा अमात्य. महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. त्यात तेराशेच्या वर फारसी-अरबी दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. एका राजाने शब्दकोशाचे काम तलवारीच्या कामाइतके निकडीचे मानावे, ही साधी गोष्ट नव्हे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी पुढे जुन्या पत्रांतले शब्द मोजून पाहिले. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा पंधराच्याही आत, आणि १७२८ च्या पत्रात शेकडा नव्वदीच्या वर. एका पत्रावरून साऱ्या भाषेचा हिशेब मांडू नये हे खरे. पण वारा कुठल्या दिशेला फिरला, ते तेवढ्यावरून कळते.

पण गंमत पाहा. अमात्य झाले तरी मुजुमदार गेले नाहीत. महाराष्ट्रात मुजुमदार आडनाव आहे, बंगालात मजुमदार आहेत. मुख्य प्रधान झाले, तरी पुढे साऱ्या हिंदुस्थानाने त्यांना पेशवेच म्हटले. आणि आमच्या कल्याणात रामजी महादेव सुभेदारच राहिले. राजाज्ञेने दरबार बदलतो; पण शब्द एकदा लोकांच्या ओटीवर येऊन बसला, की तो राजालाही उठवता येत नाही.

या 'दार'ने तोवर आणखी एक उद्योग आरंभला होता. तो परक्या शब्दांची सोबत सोडून आपल्या शब्दांशी सोयरीक करू लागला होता. 'ठाणे' हा संस्कृत 'स्थान'चा नातू. त्याला 'दार' लागून ठाणेदार झाला. आमचे शेजारचे ठाणे शहर हा शब्द नावात मिरवते, म्हणून ठाणेदाराबद्दल मला विशेष जवळीक वाटते. 'भागी' आपला, त्याचा भागीदार झाला. दोन वाणी दुकान काढतात आणि एकमेकांना भागीदार म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात ना दिल्ली असते, ना इराण.

एवढ्यावर थांबता, तर तो हुद्द्यांचाच प्रत्यय राहिला असता. पण तो कचेरीतून उतरून चुलीपर्यंत गेला. ज्याच्याकडे सुभा तो सुभेदार. तर ज्याच्या अंगी पीळ आहे ते शरीर पिळदार, ज्याला टोक आहे ते टोकदार, ज्याला झुपके आहेत त्या मिशा झुपकेदार, आणि ज्याला चव आहे ते चवदार! हुद्देदाराला जसा सुभा, तसा पदार्थाला गुण. नामाचे विशेषण झाले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली मोठी घटना हीच. शब्द उसना घेणे सोपे असते. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणावी तसे. प्रत्यय तसा आणता येत नाही. तो आधी शंभर उसन्या शब्दांच्या मागून येतो, लोक नकळत त्याला त्या शब्दांपासून सोडवून घेतात, आणि मग घरच्या पिठाची चकली त्या साच्यातून पाडू लागतात.

साच्यातून काढतानाही आपल्या रीतीने काढतात. 'काटा'ला 'दार' लावला तर फारसी हिशेबाने 'काटादार' व्हायला हवे. मराठीने 'काटेदार' केले. 'पीळ'चा ईकार आखूड करून 'पिळदार' केले. 'काट्याला', 'पिळाला' म्हणताना शब्द जसा वाकतो, तसाच तो येथेही थोडा वाकला. सासरी आलेल्या मुलीने पहिल्या वर्षी माहेरची फोडणी करावी आणि दुसऱ्या वर्षापासून सासरची, तसे हे झाले. आणि 'अणकुचीदार' पाहा! कुठल्या मौलवीला हा शब्द ओळखू येईल?

आत्ता आपल्यापुढे फराळाचे ताट असेल, तर त्यातच पाहा. चकली काटेदार, लाडू दाणेदार, चिवडा चटकदार. आपल्या जुन्या प्रत्ययांनाही ताटात जागा आहे : शंकरपाळी खुसखुशीत, तूप रवाळ, अनरसा जाळीचा. कोणी कोणाला उठवलेले नाही. गृहिणीला विचारा, "चकली कंटकयुक्त झाली का हो?" ती पहिल्यांदा तुमच्या कपाळाला हात लावून ताप पाहील. ठाण्यात तर एक मजा अशी, की मामलेदार कचेरीच्या शेजारची म्हणून एक मिसळ मामलेदार झाली. मामलेदाराला आता तहसीलदार म्हणतात. मिसळीचा हुद्दा मात्र कोणी काढून घेतलेला नाही, आणि तिची तिखट हुकमत अजून चालू आहे.

हे सगळे मराठीतच घडले असे मात्र समजू नये. इंग्रजीच्या तासाला मी मुलांना 'एबल' हा प्रत्यय शिकवतो, तेव्हा मला हाच इतिहास दुसऱ्या वेषात दिसतो. 'एबल' मूळचा लॅटिनचा, 'बिलिस' या शेपटाचा. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्या फ्रेंच बोलीतून तो शब्दांच्या गाठोड्याला बांधलेला इंग्रजीत आला. आधी फ्रेंच शब्दांनाच लागे. मग इंग्रज शेतकऱ्याच्या तोंडचे खाणे, पिणे, वाचणे हे घरचे धातू त्याने धरले आणि 'ईटेबल', 'ड्रिंकेबल', 'रीडेबल' झाले. करता येण्याजोगे, असा त्याचा अर्थ. 'समर्थ' या अर्थाचा जो स्वतंत्र 'एबल' शब्द आहे, त्याच्याशी या प्रत्ययाचे मूळ नाते नाही. पण लोकांना ते वाटू लागले, आणि वाटण्याचा परिणाम असा, की प्रत्यय अधिकच पसरला. तो स्वतंत्र 'एबल' लॅटिनच्या 'धरणे, बाळगणे' या अर्थाच्या धातूपासून निघालेला आहे. तिकडेही धरणे, इकडेही धरणे! जिंकणारे नॉर्मन गेले, त्यांचे दरबार गेले. इंग्रजांनी प्रत्यय तेवढा ठेवून घेतला. तो परका म्हणून पेपरात खोडणारा इंग्रज मास्तर मी अजून ऐकलेला नाही.

आपल्याकडे मात्र विसाव्या शतकात भाषाशुद्धीची मोठी चळवळ झाली. सावरकर १९२४ पासून रत्नागिरीत स्थानबद्ध होते. तेथून त्यांनी या विषयावर झडझडून लिहिले. दिनांक, क्रमांक, महापौर असे त्यांच्या नावावर सांगितले जाणारे शब्द आज आपण रोज वापरतो आणि ते नवे आहेत हेही विसरून गेलो आहोत. त्या चळवळीची टिंगल करणे सोपे आहे, मला ती करायची नाही. ज्यांची बोली कचेरीत चालत नाही, त्यांना आपल्याच गावात पाहुण्यासारखे वावरावे लागते, हे दुःख खोटे नव्हते. आणि माधव जूलियन यांचे उदाहरण तर विलक्षण आहे. हा कवी फारसीचा प्राध्यापक. १९२५ साली त्यांचा 'फार्शी-मराठी कोश' निघाला. फारसीतली गझल मराठीत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. आणि तेच पुढे भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते झाले. १९३८ साली त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. घरात काय काय परके आहे, हे ज्याने यादी करून पाहिले, त्यालाच ते सर्वांत जास्त बोचले. (टोपणनावातला 'जूलियन' मात्र त्यांनी राहू दिला. माणसाचे असेच असते.)

पण या साऱ्या शोधात 'दार' बहुतांशी निसटला. जाळे शब्दांसाठी विणलेले होते. शेपटाएवढी मासोळी त्यातून सुटली. 'तारीख' पकडता येते, 'हजर' पकडता येतो. 'चवदार'मधल्या 'चव'ला कसे पकडणार? ती तर घरचीच. अर्धे अंग आपले आणि अर्धे परके असलेल्या शब्दाला कोणत्या गावी हाकलून द्यायचे, हा प्रश्न मला त्या आठवीच्या मुलाने विचारण्यापूर्वी पडायला हवा होता.

आणि ते अर्धे अंग तरी किती परके? येथे मी चकितच झालो. १७८६ साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात सांगितले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, आणि जुन्या फारसीलाही त्या कुळात घेता येईल. पुढच्या पंडितांनी ते धातू धातू घेऊन दाखवून दिले. फारसीचा 'दार' आणि संस्कृतचा 'धृ' हे एकाच धातूचे दोन फाटे. संस्कृतने 'ध' सांभाळला, इराणी भाषांनी त्यातला 'ह' सोडून 'द' केला. म्हणजे सुभेदारातला 'दार' आणि सूत्रधारातला 'धार' हे चुलतभाऊ. गिरिधर, गंगाधर, चक्रधर ही नावे आपण देवघरात घेतो आणि हवालदार, फौजदार ही नावे चौकीवर, कूळ एक. लॅटिनमध्ये याच मुळापासून 'फर्मस' म्हणजे पक्का, आणि त्यावरून इंग्रजीचा 'फर्म'. व्यापाऱ्याची फर्म आणि तिचा भागीदार इतके जवळचे नातलग आहेत, हे दोघांनाही ठाऊक नसते.

इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. तो कोरवणाऱ्या बादशहाचे नाव दारयवहुश; ग्रीकांनी त्याचे दरायस केले, फारसीत पुढे दारा झाले. शाहजहानच्या थोरल्या मुलाचे नाव दारा ठेवले गेले तेव्हा, आणि आपल्याकडचे पारशी बांधव मुलाचे नाव दारा ठेवतात तेव्हा, तोच जुना शब्द बोलतो. त्याचा अर्थ, जे चांगले ते धरून ठेवणारा. संस्कृतात हुबेहूब मांडायचे तर 'धारयद्वसु'. तो शिलालेख उतरवून वाचणाऱ्यांत अग्रणी हेन्री रॉलिन्सन. हा गृहस्थ १८२७ साली कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल होऊन हिंदुस्थानात आला होता, ज्या फौजेत देशी शिपायाने चढता चढता गाठायचा सर्वांत वरचा टप्पा म्हणजे सुभेदार! अडीच हजार वर्षांपूर्वीचा 'दार' वाचायला निघालेल्या त्या माणसाला छावणीत रोज सुभेदार आणि हवालदार सलाम ठोकत असतील.

या फौजेतल्या एका सुभेदाराचे नाव प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे : सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. कल्याणचे सुभेदारही रामजी आणि हेही रामजी. पण एकाचा सुभा वाड्यासह, दुसऱ्याच्या नावावर गावच्या पाणवठ्याचा हक्कसुद्धा नाही. कंपनीच्या आणि नंतरच्या इंग्रज फौजेने हा जुना शब्द उचलून हुद्दा केला, आणि ज्यांना कुठल्याच वतनाने काही धरू दिले नव्हते, अशांच्याही हाती तो आला. रामजी महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. तेथेच १८९१ साली त्यांचे धाकटे चिरंजीव भीमराव जन्मले. त्या सुभेदाराच्या मुलाने २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यातले पाणी ओंजळीने घेतले. आणि तळ्याचे नाव? चवदार. घरची 'चव', परका 'दार', आणि ज्यांना घरचे असून परके ठरवले होते अशा माणसांच्या ओंजळी. पुढे दहा वर्षे कोर्टात वाद चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या तळ्याच्या काठी उभे राहून 'चवदार' हा शब्द शुद्ध की अशुद्ध असा वाद घालण्याची माझी छाती नाही.

शब्दांचेही माणसांसारखे दिवस फिरतात. जमादार हा एकेकाळी लष्करी अधिकारी. पुढे शहरांत झाडूवाल्याला जमादार म्हणू लागले. १९६५ मध्ये आपल्या सैन्याने तो हुद्दा बदलून नायब सुभेदार केला. फौजदाराची फौज गेली आणि तो पोलिसांत आला. हवालदार तर चौकातच उभा आहे. सुभेदाराने मात्र आपली पायरी सोडली नाही.

आता राहिला 'पाणीदार'. तो मी शेवटी पाहिला. लाज वाटत होती म्हणून. फारसीत 'आब' म्हणजे पाणी. तोच संस्कृतचा 'आप'. पंजाबच्या पाच नद्यांतला. 'आबदार' म्हणजे तेज असलेला, मोत्यासारखा, नीट पाजलेल्या तलवारीसारखा. मराठीने 'आब' राखलाच; आपण आब राखून वागतो. पण कोणीतरी त्या 'आब'च्या जागी आपले 'पाणी' घातले आणि 'पाणीदार' केला. मोत्याचे पाणी, तलवारीचे पाणी, माणसाचे पाणी जोखणे हे सारे त्याच विहिरीतले. आणि 'अब्रू' हा शब्दही तिथलाच : 'आब-इ-रू', चेहऱ्यावरचे पाणी. ज्याच्या चेहऱ्यावरचे पाणी उतरले नाही तो अब्रूदार. मुलाने तीनच वाक्यांत आजोबांची अब्रू आणि आपली भीती दोन्ही मांडली होती, आणि मी तिथे तसबिरीतला देव आणून बसवला होता.

तो पेपर मी परत मागून घेतला. 'तेजस्वी' खोडले, 'पाणीदार'खाली टिंबे दिली आणि कापलेला अर्धा गुण परत केला. वर्गात उभे राहून माझी चूकही सांगितली. मुलांना मास्तरांची चूक फार आवडते. पुढे आठवडाभर वर्गात जो तो 'दार'चे शब्द शोधत होता. फळ्यावरचा रोजचा परका शब्द मी बंद केला आणि तिथे रोज एका शब्दाचे गाव लिहू लागलो. त्यामुळे उपक्रमाचे प्रमुखपद माझ्याकडून गेले, ते योग्यच झाले.

एप्रिलअखेर निकालाच्या दिवशी तो मुलगा एका उंच म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन आला. ताठ कणा, झुपकेदार पांढऱ्या मिशा. मी नमस्कार केला आणि बसायला खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"तुम्हीच ते पाणीदारवाले मास्तर?" त्यांनी विचारले.

मी मान खाली घातली. घडलेले सारे सांगू लागलो : फारसी, आब, दारा, बेहिस्तून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग खिशातून घडी केलेला रुमाल काढून डोळे टिपले.

"मोतीबिंदू आहे, गुरुजी," ते म्हणाले. "डाव्याचं ऑपरेशन जूनमध्ये. दिवसभर नुसतं पाणी गळतं. पोरानं ते बघून लिहिलं असेल."

मी मुलाकडे पाहिले. तो खिडकीतून बाहेर बघत होता; आजोबांच्या डोळ्यांकडे मात्र बघत नव्हता.